मेजरांच्या परवानगीनं न्यूझीलंड

आमच्याकडं फौजेतनं रिटायर होऊन आलेला माणूस मेजर असतो. तिकडं तो शिपाई असू दे, स्वयंपाकी असू दे, नाहीतर साहेबाच्या खेचराला चारा घालणारा असू दे, लोखंडी पेटी घेऊन एसटीतनं उतरला की कंडक्टर म्हणतो, "मेजर, सावकाश." तिथंच प्रमोशन. उद्या खरा मेजर आला तर त्याला काय म्हणायचं, हे आमच्यात अजून ठरलेलं नाही.

जोतीराम खबाले हे असेच मेजर. हुद्दा हवालदार, पलटण सिग्नलची, गाव वडूजच्या पलीकडं, जिथं पाऊस पाव्हण्यासारखा येतो आणि चहा न घेताच जातो. पेन्शन घेऊन ते इस्लामपूरला आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर रूम सांभाळायला आले. संस्थेनं निवड करताना एवढंच बघितलं की ह्यांनी फौजेत वायरलेस सेट चालवलाय. सेटला बटणं असतात, कॉम्प्युटरलाही बटणं असतात. झालं.

बाकी कॉलेज पत्र्याखाली शिजायचं, पण ही खोली गारेगार. एसी अर्थातच माणसांसाठी नव्हता. कॉम्प्युटरना फुलाफुलांची झबली शिवलेली होती, दाराबाहेर चपलांचा ढीग असायचा, आणि आत शिरताच मेजरांची खुर्ची. फिरणारी. प्राचार्यांचीसुद्धा फिरत नव्हती.

मेजरांचा आवाज काढायचा असेल तर आधी पोट आत ओढायचं, हनुवटी गळ्यात रुतवायची, आणि समोरच्याशी न बोलता त्याच्या मागं उभ्या असलेल्या पलटणीशी बोलायचं. "चपला भाईर. पाय पुसून आत. कोन शिंकलं? त्ये बी भाईर." हे मी पहिल्या आठवड्यातच बसवलं. एकदा त्यांच्या पाठीमागं उभी राहून केलं, तर दारातली पोरं खरंच चपला काढायला लागली. मेजर वळले. मला वाटलं, संपलं आपलं.

"अक्षता," ते म्हणाले, "आवाज पोटातनं काढ. घशातनं काढलास तर चार दिसांत बसंल."

शिक्षा नाही. ट्रेनिंग.

ही गोष्ट नव्व्याण्णव सालची. मी एफ.वाय.ला होते. इंग्रजीला संयोगिता मॅडम, तासिका तत्त्वावर, म्हणजे तास घेतला तर पगार आणि सुट्टी आली की उपास. मॅडमनी पुण्याच्या कुठल्याशा शिबिरात न्यूझीलंडच्या मार्गारेट नावाच्या प्राध्यापिकेशी ओळख काढली होती. दोघींनी ठरवलं, की तिकडचा वर्ग आणि इकडचा वर्ग मिळून एकच विषय शिकायचा: 'माझं गाव आणि पाणी'. तिकडच्या एकेका पोराशी इकडचं एकेक पोर जोडायचं, ई-मेलवर एकमेकांना विचारायचं, सांगायचं, वाद घालायचा, आणि शेवटी जोडीनं एक लेख लिहायचा. दोन्हीकडं मार्क.

"स्टुडंट्स," मॅडम म्हणाल्या. (मॅडमचा आवाज नाकाच्या शेंड्यावर ठेवायचा आणि पडू द्यायचा नाही.) "दे आर नॉट युवर पेन फ्रेंड्स. दे आर युवर क्लासमेट्स. ओके?"

"मॅडम, क्लासमेट हायत तर त्येंची हजेरी कोन लावनार?" प्रबुद्धनं विचारलं. प्रबुद्ध माझ्याच गल्लीतला. गंभीर चेहऱ्यानं वाह्यात प्रश्न विचारणं हे त्याचं मुख्य काम, बी.ए. फावल्या वेळात.

मला हॅना मिळाली. तिच्या घरी गाई. प्रबुद्धला सायमन मिळाला. त्याच्याही घरी गाई.

"तिकडं मानसं हायत का नुसत्या गायीच?" प्रबुद्ध म्हणाला. "मार्क कोन देनार हाय आपल्याला, नक्की इचारून घ्या."

इंटरनेटचा फोन तेव्हा परगावी लागायचा. एसटीडीचा मीटर पळायला लागला की हेडक्लार्कच्या चेहऱ्याकडं बघवायचं नाही. म्हणून रीत अशी ठरली: आपापलं पत्र आधी टाइप करायचं, फ्लॉपीत ठेवायचं, फ्लॉपी मेजरांच्या टेबलावरच्या डब्यात टाकायची. मेजर आठवड्यातनं दोनदा फोन जोडणार, मोडेम बोकड कापल्यागत ओरडणार, मग सगळ्यांची पत्रं एका दमात रवाना आणि आलेली छापून आमच्या हातात.

मी पहिलं पत्र जीव ओतून लिहिलं. कृष्णा, घाट, नदीवरच्या पाणी उपसायच्या मोटारी, रात्रपाळीला उसाला पाणी पाजणारी माणसं, कुठल्या पुलावरनं पूर बघायला गर्दी होते, माझी एसटी किती वाजता सुटते, सगळं. हॅनाचं उत्तर आलं ते प्रेमळ होतं, पण आजाऱ्याशी बोलावं तसं. 'तू एका नदीजवळ राहतेस हे वाचून बरं वाटलं. नदीला नाव आहे का?'

मला वाटलं, पोरगी आळशी आहे, नीट वाचत नाही. पण प्रबुद्धचं त्याहून अवघड. त्यानं पाटाच्या पाळ्यांवर लिहिलं होतं. कुणाच्या उसाला पाणी आधी, गावात नळ कुठल्या आळीला आधी आणि आमच्या गल्लीला शेवटी कसा, हे त्यानं नावानिशी, कडक भाषेत लिहिलं होतं. सायमननं विचारलं होतं: 'तुमच्याकडे पाणी आहे आणि ते येतं, हे समजलं. आणखी काही सांगशील का?'

"दोन पानं लिवली मी," प्रबुद्ध म्हणाला. "दोन पानांचं इंग्रजीत एवढंच हुतं व्हय?"

पुढच्या खेपेला हॅनाच्या उत्तराखाली माझंच पत्र चिकटून परत आलं. चार ओळी. 'मी एका गावात राहते. गावाजवळ नदी आहे. मी वाहनानं कॉलेजला येते. हवामान ठीक आहे.' खाली माझी सही.

आम्ही दोघं थेट मेजरांच्या खुर्चीसमोर.

"मेजर, माझं पत्र कुणी कापलं?"

"मी." खुर्ची इकडनं तिकडं फिरली. "तुझ्या पत्रात नदीचं नाव हुतं, पुलाचं ठिकान हुतं, एसटीची येळ हुती. वर लिवलंस, फलान्या पुलावर गर्दी हुती. अगं, लढाई आत्ता कुटं थांबलीया. कारगिलातनं आपली पोरं अजून खाली याची हायत."

"पण हे न्यूझीलंड आहे."

"न्यूझीलंडच्या फुडं कुनाकडं जातंय ते तुला कुटं म्हायती हाय?"

"कृष्णा नदी नकाशात आहे, मेजर."

"नकाशात हाय तर मग सांगायची गरज काय?"

प्रबुद्ध नेहमीपेक्षा हळू आवाजात बोलला, म्हणजे तो खरंच चिडला होता.

"पुलाचं एक येळ सोडा. आमच्या गल्लीला पानी शेवटी येतं, ह्ये शत्रूला कळून त्यो काय करनार हाय? आदी सोडनार?"

मेजरांनी चष्मा पुसला. "घरातलं भांडान पाव्हन्याम्होरं काढू न्हाई."

"घरातलं?" प्रबुद्ध म्हणाला. "बरं झालं सांगितलंसा. मला वाटायचं आमी भाईरच हाय."

मेजरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. फक्त सांगितलं, "वाक्यं मात्र मी लंगडी पाठवली न्हाईत. कापलं, पर शिवून पाठवलं. फौजेत तसंच असतंय." ह्याचा त्यांना खरोखर अभिमान होता.

मॅडमकडं तक्रार करायची सोय नव्हती. मॅडम तासिकेवरच्या, मेजर कायम. कॉलेजात कायम माणसाचा दगडसुद्धा तासिकेवाल्याच्या सोन्याला भारी असतो. म्हणून मी दुसरा मार्ग काढला. हॅनाला मुद्दाम सगळं मेजरांबद्दलच लिहिलं. आमचे मेजर आमची सगळी पत्रं वाचतात. ते पास करतील तेवढंच तुमच्याकडं येतं. त्यांच्यासमोर जाताना चपला बाहेर काढाव्या लागतात. शिंकलं तर हाकलतात. म्हटलं, बघू या, आता काय कापतात आणि काय शिवतात.

मेजरांनी ते काना-मात्रा न बदलता पाठवलं.

"ह्ये कसं काय पास केलंत?" मी विचारलं.

"त्यात गुपित काय हाय? खरंच हाय की समदं." मग खुर्ची फिरवून, "आन मेजरचं स्पेलिंग बरोबर लिवलंस. मोठं अक्षर काढलंस पयलं."

सप्टेंबर लागता लागता तिकडच्या वर्गानं मधला अहवाल पाठवला. विषय बदललेला. 'माझं गाव आणि पाणी'च्या जागी 'सैन्याच्या नजरेखालचं एक गाव'. आत लिहिलं होतं, की इस्लामपूरचे विद्यार्थी नदीचं नाव उच्चारू शकत नाहीत. सैन्यानं कॉलेजात मेजर दर्जाचा अधिकारी नेमला आहे. त्याच्यासमोर विद्यार्थ्यांना अनवाणी उभं राहावं लागतं. शिंकण्यास बंदी आहे. सोबत मार्गारेटबाईंचं पत्र: विद्यार्थ्यांचा खाजगी मजकूर लष्कर वाचत असेल तर आमचं विद्यापीठ ह्यात राहू शकत नाही. शुक्रवारी सकाळी दोन्ही वर्ग एकदम कॉम्प्युटरवर बसतील, तेव्हा त्या अधिकाऱ्यानं स्वतः उत्तर द्यावं.

आम्हाला प्राचार्यांच्या केबिनमध्ये उभं केलं. प्राचार्यांचा आवाज काढायला सोपा: तोंडात पेढा आहे असं समजायचं आणि प्रत्येक वाक्याला 'त्या दृष्टिकोनातून' लावायचं.

"मेजर, तुमच्यामुळं भारत सरकारवर आरोप आलाय. त्या दृष्टिकोनातून हे गंभीर आहे. शुक्रवारी खुलासा करायचा. आणि हे वाचणं बंद. नाहीतर त्या दृष्टिकोनातून, सोमवारपासून तुम्ही गेटवर."

मेजर सावधानमध्ये उभे होते. "जी सर," म्हणाले. त्या 'जी सर'ची नक्कल मला आजही जमत नाही. त्यात धरायला काही नव्हतंच.

बाहेर आल्यावर प्रबुद्ध म्हणाला, "गेलं म्हातारं गेटवर."

"तुला बरं वाटतंय?"

"वाटाय पायजे हुतं," तो म्हणाला.

शुक्रवारी मेजर आले ते साताऱ्याच्या माजी सैनिक मेळाव्याला घालायचा तो निळा कोट घालून. इकडं सकाळ, तिकडं दुपार. प्राचार्य मागं बसले, मॅडम त्यांच्या मागं उभ्या, अख्खा वर्ग चपला काढून भिंतीला लागून. मेजर एका बोटानं टाइप करायचे आणि एकेक अक्षर शोधायला गावाला जाऊन यायचे, म्हणून कीबोर्ड माझ्याकडं आला.

"मी सांगंन तेवढंच लिवायचं," मेजर म्हणाले.

"म्हणजे आता पास मी करणार?"

"व्हय. कर आता राज्य."

मोडेम ओरडलं. पडद्यावर अक्षरं उमटली. मार्गारेटबाई विचारत होत्या, आम्ही मेजरसाहेबांशी बोलतो आहोत का?

"लिव, मेजर न्हाई. हवालदार. त्यो बी रिटायर. लोक मेजर म्हनत्यात, आमी नको म्हनत न्हाई."

मी तसंच इंग्रजीत घातलं. तिकडं हसले की भांडले, पडद्यावर काय कळतंय.

मग: तुमची नेमणूक सैन्यानं केलेली नाही?

"न्हाई. संस्थेनं. पगार बी संस्थाच देती, म्हंजे कवा कवा—"

प्राचार्य खाकरले. ते वाक्य मी पास केलं नाही.

मग शेवटचा, खरा प्रश्न. तर मग तुम्ही आमच्या विद्यार्थ्यांची पत्रं का वाचता?

मेजरांनी घसा साफ केला. पोट आत ओढलं. आम्ही सगळे 'देशाची सुरक्षा' ऐकायच्या तयारीत. पोट हळूहळू परत बाहेर आलं.

"इचार," ते म्हणाले, "त्या हॅनाच्या गायीचा पाय बरा झाला का?"

"मेजर, त्यांनी काय विचारलंय आणि तुम्ही काय विचारताय?"

"तू लिव गं. ती काळी-पांढरी. तारंत पाय अडकला हुता तिचा. आन ती दुसरी पोरगी, तिला ट्रकचं लायसन काडायचं हुतं, दोनदा नापास झाली, तिसऱ्या खेपंला काय झालं? मधली चिठ्ठीच आली न्हाई तिची, जीव टांगनीला लागलाय. आन त्यो सायमन, त्येचा बा बोलतोय का आता त्येच्याशी?"

तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. आम्ही आपापल्या जोडीदाराची पत्रं वाचत होतो. मेजर सगळ्या वर्गाची, दोन्हीकडची वाचत होते. सुरक्षा पहिल्या आठवड्यापुरती असेल. त्यानंतर म्हाताऱ्याला नाद लागला होता. वडूजच्या पलीकडं घर, बायको-पोरं तिकडं, इथं भाड्याची खोली, आणि आठवड्यातनं दोनदा न्यूझीलंड.

माझे हात ऐकतील ते टाइप करत सुटले होते. "अक्षे, सायमनचं नको," प्रबुद्ध मागनं म्हणाला, पण तोवर एंटर दाबून झालं होतं.

हॅनाचं आलं: पाय बरा आहे, ती आता सगळ्यात पुढं पळते. कुणीतरी लिहिलं: लायसन मिळालं. मग जरा वेळानं सायमनचं आलं.

'ते मी फक्त प्रबुद्धला सांगितलं होतं.'

मी मागं वळून प्रबुद्धकडं बघितलं.

"काय म्हनतोय त्यो?" मेजरांनी पडद्याकडं डोळे बारीक करत विचारलं. मी सांगितलं. त्यांनी कोटाचं वरचं बटण उगाच काढून परत लावलं.

"लिव, चुकलं."

"एवढंच?"

"एवढंच. त्येला टाका घालायचा न्हाई."

मार्गारेटबाईंनी लिहिलं, की उपक्रम चालू राहील. हवालदारसाहेब प्रेमळ दिसतात, पण दुसऱ्याचं पत्र ते दुसऱ्याचं. आजपासून दोन्हीकडं कुणीही वाचणार नाही. प्राचार्य उठले. "त्या दृष्टिकोनातून अतिउत्तम," म्हणाले. खुर्ची वाचली.

प्रबुद्धची ती दोन पानं पुढच्या खेपेला सगळ्या नावांसकट गेली. सायमननं त्याला तीन पानं भांडून उत्तर दिलं, आणि दोघांचा लेख एकदाचा मार्गाला लागला. माझ्या नदीला नाव मिळालं. सगळ्यांचं भलं झालं, फक्त त्या खुर्चीतल्या माणसाचं सोडून. आता मेजर आकाशाकडं बघत फ्लॉपी आत घालायचे. आलेली पत्रं छापताना पाठ फिरवून उभे राहायचे, कागद उलटे धरायचे, घड्या घालून आमच्या हातात द्यायचे. अगदीच राहवलं नाही की विचारायचे, "काय, थंडी हाय का तिकडं?"

"गुप्त आहे, मेजर," आम्ही म्हणायचो. आम्ही काही चांगली पोरं नव्हतो.

नवरात्राच्या आसपास मेजर आपणहून प्राचार्यांकडं गेले आणि म्हणाले, मला गेटवर घाला.

प्राचार्यांना कळेना. खुर्ची दिली, एसी दिला, आरोप माफ केला. "त्या दृष्टिकोनातून, अडचण काय आहे?"

"सर, आत बसून डोळं झाकून फ्लॉपी घालायची, त्ये काम पंखा बी करंल," मेजर म्हणाले. "गेटवर मानसं तरी येत्यात."

आणि ते गेटवर उभे राहिले. पहिल्याच सकाळी कॉलेजात शिरायला रांग लागली. एवढी रांग आमच्याकडं फक्त रॉकेलला बघितलेली.

"वळखपत्र दाव."

"मेजर, रोज बघता की मला."

"दाव." कार्ड हातात घ्यायचे, फोटो तोंडाशी ताडून बघायचे, आणि आवाज खाली आणून: "हॅना काय म्हनतीया?"

"तुमाला वाचायचं न्हाई असं ठरलंय," प्रबुद्ध मागनं म्हणाला.

"मी कुटं वाचतोय? ती सांगत आसंल तर ऐकतोय. सांगायचं नसंल तर जा म्हनावं फुडं."

खरंच होतं ते. सांगायचं नसेल त्याला ते लगेच सोडायचे. पण सांगणाऱ्यांचीच रांग वाढत चालली. हॅनाच्या घरी वासरं किती झाली हे मी मार्गारेटबाईंच्या आधी मेजरांना सांगायला लागले, आणि हॅनाच्या आवाजात सांगायला लागले. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता, पण मेजर म्हणाले, "बरोबर. अशीच बोलत आसंल." पुढं पुढं तर कॉमर्सची पोरं, ज्यांना ना जोडीदार ना ई-मेल, तीसुद्धा थांबायला लागली. एकानं तर अमेरिकेतली मैत्रीण तयार करून तिच्या लग्नापर्यंत गोष्ट नेली. मेजरांनी सगळं ऐकून घेतलं आणि कार्ड परत देत म्हणाले, "ह्ये खोटं हाय. पर उंद्या फुडचं सांग."

दिवाळीच्या सुट्टीआधी लेख पुरे झाले. त्या आठवड्यात एकदा प्रबुद्ध माझ्या मागं रांगेत होता. तो रोज न थांबता जायचा, मेजरही त्याला अडवायचे नाहीत. ह्या दोघांत ते ठरल्यासारखं होतं. त्या दिवशी तो थांबला.

"मेजर, सायमनचं आलंय."

"तुझं तुझ्यापाशी ठेव, बाबा."

"न्हाई, तुमाला हाय. त्येनं लिवलंय, ह्ये हवालदारास्नी सांग. त्येच्या वडलांचं हाय."

मेजरांनी हातातलं माझं कार्ड माझ्या हातात परत कोंबलं. मागं प्राचार्यांची जीप येऊन हॉर्न देत होती. मेजरांनी जीपला हात दाखवला, थांब म्हणून, आणि आम्हा सगळ्यांकडं वळले.

"चला, मागं सरा. दहा पावलं. अक्षता, तू बी."

"मला पण नाही? मेजर, मी टाइप केलेलं ते सगळं."

"मागं," मेजर म्हणाले. पोटातनं.

आम्ही मागं सरलो. प्रबुद्ध त्यांच्या कानाशी लागून बराच वेळ बोलला. मेजरांनी मधे एकदा काहीतरी विचारलं, प्रबुद्धनं मान हलवली, मग मेजरांनी टोपी काढून परत घातली. जीप हॉर्न देत राहिली. मग गेट उघडलं.

"काय झालं?" मी विचारलं. "बोलला का बाप?"

प्रबुद्धनं मेजरांकडं बघितलं. मेजर जीपला सलाम करत होते. हात खाली न घेता, माझ्याकडं न बघता म्हणाले,

"पास न्हाई."